आप्पांच्या उजव्या पायातला मोजा

मी एक पायमोजा बोलतोय. घरात घालायचा पायमोजा. बुटात कधी गेलो नाही, रस्ता कधी पाहिला नाही. खाटेपासून स्वयंपाकघर, तिथून न्हाणी, न्हाणीतून परत खाट, एवढाच माझा मुलूख. पण त्या एवढ्याशा वाटेवर मी ज्या माणसाच्या पायात होतो, तो माणूस सांगण्यासारखा आहे. माझं आयुष्य म्हणजे खरं तर त्यांचंच आयुष्य, तळव्याच्या बाजूनं पाहिलेलं.

माझा जन्म कुठल्या गावात झाला ते मला सांगता येणार नाही. एका मोठ्या शेडमध्ये यंत्रं खडखडत होती. सुताचा एक लांबलचक धागा गोल गोल फिरत आधी माझा काठ झाला, मग टाच, मग बोटं. रंग दुधावरच्या सायीचा. शेवटी एका बाईनं मला पावलाच्या आकाराच्या साच्यावर चढवलं आणि तळव्यावर रबराचे बारीक ठिपके उमटवले. माझ्यासारखाच दुसरा एक माझ्या पाठीला पाठ लावून बांधला गेला. तो माझा जोडीदार. आमचं बोलणं फारसं होत नाही. एक पुढं असताना दुसरा मागं असतो.

तिथून आम्ही रत्नागिरीला आलो, मारुती आळीतल्या एका दुकानात. दुकानदारानं आम्हाला उलटंसुलटं करून पाहिलं आणि नोकराला म्हणाला, "घरात घालायचे मोजे? आपल्याकडे? इथं माणसं घामानं बनियन काढून बसतात, नि पायात मोजे कोण घालणार?" त्यानं आम्हाला शाळेच्या पांढऱ्या मोज्यांच्या मागे ढकलून दिलं. जून आला, पोरांचे मोजे भराभर खपले. आम्ही होतो तिथंच होतो.

दिवाळीच्या आधी एक बाई आली. कपाळावर घाम, हातात दोन पिशव्या.

"न घसरणारे मोजे आहेत का? खाली ठिपके असतात ते? वडिलांसाठी हवेत."

दुकानदारानं आम्हाला शोधून काढलं. बाईनं माझ्या काठात दोन बोटं घालून ताणून पाहिलं. "फार आवळणार नाहीत ना? त्यांना शुगर आहे. पायावर वळ उठायला नकोत." मग तिनं तळवा उलटा करून ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि आम्हाला पिशवीत टाकलं.

ही दर्शना. पनवेलला असते, तिथल्या शाळेत शिकवते. दिवाळीला माहेरी निघाली होती. माहेर जयगडच्या खाडीकाठी, डोंगराच्या उतारावरच्या एका वाडीत. एसटीत ती सगळा वेळ पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

घरात तिचे वडील एकटेच राहतात. काशीराम शिवलकर. वाडीत सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पा उभी हयात मालवाहू बोटीवर होते. साधा खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन उतरले. सारंग म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा म्होरक्या. त्यांच्या शिट्टीवर माणसं दोर ओढायची. वर्षातले बरेचसे महिने समुद्रावर, उरलेले घरी. घरी त्यांची बायको कमळा होती.

बोटीच्या कमाईतून आप्पांनी घर नवं केलं होतं. जुनी शेणानं सारवायची जमीन उकरून तिथं पांढरीशुभ्र लादी बसवली. एवढी गुळगुळीत, की वरचा पंखा खाली फिरताना दिसायचा. "कॅप्टनच्या केबिनला नसेल अशी जमीन केली बघ तुझ्यासाठी," असं ते कमळाबाईंना म्हणाले होते. ती कमळाबाई दोन-तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली. तोवर आप्पा निवृत्त होऊन घरी आले होते. नवरा-बायकोनं एका छपराखाली सलग राहायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात ती गेली.

दर्शनानं आम्हाला त्यांच्या हातात ठेवलं तेव्हा आप्पा ओटीवर खुर्चीत बसले होते.

"हे काय?"

"मोजे. घरात घालायचे."

"मला काय झालंय?"

"काही झालं नाही. होऊ नये म्हणून. आप्पा, भिंतीवर तुमच्या तळव्यांचे डाग पडलेत. खाटेपासून न्हाणीपर्यंत, रांगेनं. भिंत धरून चालता ना?"

आप्पांना राग आला. "अगं, उसळत्या समुद्रात तेल सांडलेल्या डेकवर चाललोय मी. तरणी पोरं घसरायची. हा सारंग कधी घसरला नाही."

"तेव्हा पायात बूट असायचे. डेकवर अनवाणी फिरू दिलं असतं का तुम्ही कुणाला?"

दर्शना स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी आम्हाला कपाटात टाकलं आणि दार लावलं. आजारी माणसाचा पोशाख त्यांना नको होता.

कपाटात आमच्या शेजारी कमळाबाईंची लुगडी होती. त्यांना कापराचा वास होता. दिवाळी संपली, दर्शना गेली, आणि मग मला त्या घराचा आवाज ऐकू येऊ लागला. म्हणजे आवाज नव्हताच. सकाळी स्टोव्हवर चहा उकळल्याचा, दुपारी ताट घासल्याचा, संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्यांचा. एवढ्यांच्या मधलं सगळं रिकामं. कधी कधी आप्पा मोठ्यानं म्हणायचे, "हं, चला." कुणाला म्हणायचे कोण जाणे. मग पावलं भिंतीच्या कडेनं सरकत जायची.

एकदा सकाळी न्हाणीच्या बाजूनं धप्प असा आवाज आला. पाठोपाठ तांब्या गडगडत गेला.

मग आप्पांची हाक आली. "अरे, आहे का कोण?" सारंगाचा आवाज तो, एके काळी वाऱ्याच्या वर चढायचा. पण शेजारच्या घराला कुलूप, त्याच्या पलीकडच्यालाही कुलूप. माणसं मुंबईला, ती गणपतीला आणि शिमग्याला येणार. वरच्या अंगाला एक म्हातारी राहते, तिला ऐकू येत नाही. आप्पांनी पुन्हा हाक मारली. मग गप्प झाले. ती शांतता मी कपाटाच्या अंधारात ऐकली आणि मला वाटलं, आपल्याला पाय नसूनही आपण आत्ता चालायला हवं होतं.

बऱ्याच वेळानं घरापुढच्या खळ्यातून, अंगणातून, ओरडा ऐकू आला. "काय ओ आप्पा, हाव काय? बांगडे आनलेत, ताजे हायत!"

हौसा होती. खाडीवरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वाडी-वाडी फिरणारी. एरवी आप्पा ओटीवरूनच हो किंवा नको म्हणायचे आणि ती पुढं जायची. त्या दिवशी काहीच उत्तर आलं नाही म्हणून ती थबकली असावी. मग पाटी खाली ठेवल्याचा आवाज आणि बांगड्यांची किणकिण घरात आली.

"आगो बाय! पडलाव काय? थांबा, हलू नका. आधी पाय हलवून दाखवा मला. आता ह्यो. हां, मोडलेलं नाय वाटत."

तिनं खुर्ची ओढत नेली, आप्पांना त्या खुर्चीचा आधार घेऊन उठायला लावलं आणि खाटेवर आणून बसवलं. मनगट सुजलं होतं. कंबरेला मार होता.

"दर्शनाला फोन लावा," हौसा म्हणाली.

"नको. तिला कळता कामा नये. उगाच धावत येईल."

"येऊदे की. लेक हाय."

"नको म्हटलं ना."

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा आप्पा म्हणाले, "बरा आहे गं. जेवलो. काय होणार मला?" फोन ठेवून ते आडवे झाले, खाट करकरली. टीव्हीसुद्धा लावला नाही.

मनगटाची सूज उतरली, कंबरही सुधारली, पण आप्पा त्यानंतर जमिनीला घाबरू लागले. आयुष्यभर ज्यानं समुद्राची भीती धरली नाही तो माणूस आपल्याच घराच्या लादीला भिऊ लागला. मागच्या दाराकडे जाणं त्यांनी सोडून दिलं. स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत पाऊल टाकेनात. पाणी प्यायला उठावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ लागले. एवढं मोठं घर आक्रसत आक्रसत एका खाटेएवढं झालं.

थंडी पडली तेव्हा कपाटाचं दार उघडलं. त्यांना स्वेटर हवा होता. स्वेटर काढताना मी घडीतून खाली पडलो. आप्पांनी वाकून मला उचललं आणि माझ्याकडे पाहत उभे राहिले. आसपास कुणी नाही याची खात्री करावी तसं त्यांनी दाराकडे पाहिलं. माणसाला एकटं राहून राहूनसुद्धा लाज वाटते, हे मला तेव्हा कळलं.

ते खाटेवर बसले, एक पाय स्टुलावर घेतला आणि मला चढवू लागले. मी उजव्या पायात गेलो. तो पाय बर्फासारखा गार होता आणि त्याला माझा स्पर्श धड कळतही नव्हता. साखरेनं त्या तळव्यांची जाणीव बरीचशी गेली होती. आपल्याला कुणी मिठी मारावी आणि ते आपल्याला कळूच नये, तसं होतं ते.

आप्पा उभे राहिले. भिंतीवर हात ठेवून एक पाऊल टाकलं. माझ्या ठिपक्यांनी लादी धरली. दुसरं पाऊल माझ्या जोडीदारानं धरलं. स्वयंपाकघराच्या दारात पोचल्यावर त्यांनी भिंतीवरचा हात काढला. तसेच मोकळे उभे राहिले.

"हं," ते म्हणाले. "चला."

या वेळी ते कुणाला म्हणाले ते मला कळलं.

त्या रात्रीपासून त्यांना झोप लागू लागली. आधी पाय गारठून पहाटेच जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत ते कूस बदलत पडून राहायचे. आता पावलं ऊबदार राहायची. जाग यायची तेव्हा कावळे ओरडत असायचे. दुपारी फार उकडलं तर ते आम्हाला काढून ठेवत, संध्याकाळी लादी गार पडली की पुन्हा घालत. आम्हाला धुतलं की वाळेपर्यंत पाय उघडे पडत, म्हणून दर्शनाला फोनवर म्हणाले, "ते मोजे बरे आहेत. आणखी एक जोड पाठव." तिकडून तिचा आनंदानं ओरडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. पडल्याचं मात्र त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही. दुसरी जोड आल्यावर रात्री झोपताना ती पायात असायची, दिवसा आम्ही.

हळूहळू घर पुन्हा मोठं झालं. एका दुपारी आम्ही पलीकडच्या खोलीत गेलो. तिथल्या खिडकीतून खाडीचं तोंड दिसतं. जयगडच्या बंदरात शिरणाऱ्या मोठाल्या बोटी दिसतात. खिडकीशी एक लाकडी पाट होता, मधोमध झिजलेला. आप्पा त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग खिडकीच्या कठड्याला धरून सावकाश त्यावर टेकले. बाहेर एक कोळशाची बोट अगदी संथपणे आत येत होती. ती आत येईपर्यंत दुपार निम्मी सरली. आप्पा हलले नाहीत.

हौसा हल्ली येता-जाता थांबायची. मासे घेतले नाहीत तरी उंबऱ्यावर टेकून चहा घ्यायची. त्या दिवशी तिनं आप्पांच्या पायांकडे पाहिलं.

"बरं क्येलंव. वयनी पन घालायच्या मोजं."

"कोण?"

"कमळावयनी. तुमी बोटीवर असलाव म्हंजी. तुमचंच जुनं, निळं, जाडं. तळव्याला गोधडीवानी टाकं घातलेलं, घसरू नये म्हनून."

"मी कधी पाहिले नाहीत."

"तुमी यायच्या आधी काढून ठेवायच्या. म्हनायच्या, ह्यांनी येवढ्या हौशीनं लादी बसवलीन, आनि मी अशी मोजं घालून फिरलं तर ह्यांना काय वाटंल?"

आप्पांनी कप खाली ठेवला. "दुपारी काय करायची गं ती?"

"काय करनार? थितंच बसायच्या, खिडकीत. बोट दिसली की मला इचारायच्या, ही कुठली गो? आता मला काय म्हाईत? मी म्हनायची, तुमच्याच मालकाची. मग हसायच्या."

हौसा पाटी उचलून गेली. आप्पांनी कपाट उघडून सगळी लुगडी बाहेर काढली. खालचा कप्पा चाचपला, पेटी उघडली, माळ्यावरचं बोचकं सोडलं. निळे मोजे मिळाले नाहीत. बाराव्यानंतर बायकांनी जुनेरं एकत्र करून कुठं कुठं देऊन टाकली होती, त्यातच गेले असतील. आप्पा लुगड्यांच्या ढिगाशेजारी लादीवरच बसले. त्यांच्या पायाची बोटं माझ्यात आखडून आली होती. डोळ्यांत काय होतं ते मला दिसत नाही, मी खाली असतो. पण जमिनीवर एक थेंब पडला, मग दुसरा.

नवं वर्ष लागलं तेव्हा आप्पांनी भिंतीवरची दिनदर्शिका बदलली. जुनी काढताना खिळा निसटून खाली पडला. त्यांना वाटलं, घरंगळत कुठं तरी खाटेखाली गेला असेल. दुसरा खिळा ठोकून त्यांनी नवी टांगली आणि मागं वळताना टाच नेमकी त्या पडलेल्या खिळ्यावर पडली.

मला तो आरपार लागला. त्यांना काहीच कळलं नाही.

खिळा पुन्हा निसटून बाजूला पडला आणि आप्पा चालत राहिले. त्यांनी भात लावला, जेवले, खिडकीशी बसले. टाचेतून येणारं थोडं थोडं रक्त मी पीत होतो. मला ओरडता येत नव्हतं. हौसासारखी हाक मारता येत नव्हती. माझ्याकडे एकच गोष्ट होती, माझा फिका रंग. काळा असतो तर ते कुणालाही दिसलं नसतं.

संध्याकाळी त्यांनी मला पायातून काढलं आणि दिव्याखाली धरलं. टाचेवर रुपयाएवढा तांबडा-तपकिरी डाग होता. चिखल लागलाय असं समजून आप्पांनी आधी मला झटकलं. मग चष्मा लावला. मग पाय वर घेऊन आरशात टाच पाहिली.

माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढंच एक वाक्य बोललो. ते त्यांनी वाचलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते रत्नागिरीला डॉक्टरांकडे गेले. मीही होतो, पिशवीत. डॉक्टरांना दाखवायला त्यांनी मला बरोबर घेतलं होतं. डॉक्टर तरुण होती. तिनं जखम साफ केली, इंजेक्शन दिलं आणि म्हणाली, "आजोबा, लवकर आलात हे फार चांगलं झालं. पायाला जाणीव नसली की माणसं असे खिळे घेऊन आठवडाभर फिरतात आणि मग पाय वाचवणं कठीण होतं. मोजे घालताय ते चालू ठेवा. सुती, सैल, फिक्या रंगाचे. ओले झाले की लगेच बदलायचे. आणि काढल्यावर तळपाय रोज बघायचे. घरात बघणारं कोण आहे?"

"कोण नाही," आप्पा म्हणाले.

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर कधी ऐकले नव्हते. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी स्वतः दर्शनाला फोन लावला. "बाय, मी रत्नागिरीला आहे. पायाला लागलंय. घाबरू नको. पण जमलं तर ये."

ती संध्याकाळी वाडीतल्या घरी येऊन पोचली. वडिलांच्या पायाची पट्टी पाहिली, मग तोंडाकडे पाहिलं. त्यांनी मनगटाचं, न्हाणीतल्या पडण्याचं, हौसाचं सगळं सांगून टाकलं.

"मला का नाही सांगितलंत, आप्पा? मी रोज विचारायचे."

"तुझी आई मला सांगायची का? कुठल्या तरी बंदरातून मी फोन करायचो. ती म्हणायची, सगळं बरं आहे. मी ते खरं मानायचो. खरं मानणं सोयीचं होतं गं."

"आणि तुम्ही मला तेच सांगत आलात."

"हो."

दर्शनानं त्यांचा पाय उचलून उशीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "मीही तेच मानत आले. मलाही सोयीचं होतं."

ती त्यांना पनवेलला घेऊन गेली. जखम भरेपर्यंत आम्ही तिथं राहिलो. जावई अजिंक्य चांगला माणूस, नात वेदिका लाघवी. पण सकाळी सगळी आपापल्या कामाला गेली की चौथ्या मजल्यावर आप्पा आणि मी. तिथली लादीही गुळगुळीत होती आणि दुपारही तेवढीच लांब होती. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या. बोट दिसायची नाही.

"मला घरी सोड," एक दिवस आप्पा म्हणाले. "एकटा तर मी इथंही आहे. तिथं निदान हौसा ओरडत येते."

दर्शना रडली, भांडली, मग कबूल झाली. तिची अट एकच होती. "मी फोनवर विचारीन ते खरं सांगायचं. बरं आहे म्हणून मोकळं व्हायचं नाही."

त्यांनी शब्द पाळला. न्हाणीच्या भिंतीला आता धरायला दांडा बसवलाय, दारात पायपुसणं आहे. रोज संध्याकाळी फोन येतो आणि आप्पा तो कानाला लावून घरभर फिरतात, म्हणजे आम्हीही फिरतो. एकदा ते म्हणाले, "आज करमलं नाही गं. आज दिवसभर कुणाशी बोललो नाही." मग ती म्हणाली, "फोन ठेवू नका, मी भाजी चिरतेय." बराच वेळ फोनमधून नुसता विळीचा आवाज येत राहिला. आप्पा खिडकीशी उभे राहून तो ऐकत होते.

एकटेपण काही गेलं नाही. मी खोटं कशाला सांगू? पावसाळ्यात तर हौसाही महिना-महिना फिरकेना, मासेमारी बंद. लादीला ओल सुटायची, आम्ही चुलीवरच्या दोरीवर वाळायचो आणि आमच्या अंगाला धुराचा वास लागायचा. पण आप्पा पडले नाहीत. मागच्या दाराकडे जाऊन फणसाखालचा पाऊस पाहायचे. रोज झोपण्याआधी पाय वर घेऊन, आरसा धरून तळवे पाहायचे.

भाद्रपदात गणपती आले. कुलपं उघडली, वाडी माणसांनी भरून गेली. घरोघर आरत्या, पोरांचा गोंधळ. दर्शना, अजिंक्य, वेदिका, सगळी आली. पाच दिवस घरात एवढी पावलं फिरली की लादी दिसेना. मग विसर्जन झालं, गाड्या भरल्या, आणि एकेका दाराला पुन्हा कुलूप लागलं.

निघण्याआधी दर्शनानं दोरीवरून मला उतरवलं. तळवा उलटा केला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"आप्पा, हे संपले आता."

"कुठं फाटलेत?"

"फाटायची वाट बघायची नसते. ठिपके झिजलेत सगळे. असा गुळगुळीत मोजा घालून लादीवर चालणं अनवाणी चालण्यापेक्षा वाईट."

"अजून काही दिवस चालतील."

"नाही चालणार. मी नवे आणलेत. ह्याच रंगाचे."

आप्पांनी मला तिच्या हातातून घेतलं. माझ्या टाचेवरचा डाग किती धुतला तरी पुरता गेलेला नाही. ते त्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यानं मला सांगितलं होतं, बाय. माझ्याच पायाचं मला कळलं नव्हतं."

दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. हॉर्न पुष्कळ लांबून एकदा ऐकू आला.

आज सकाळी आप्पा खाटेवर बसले होते. एका बाजूला नवी जोडी, दुसऱ्या बाजूला आम्ही. त्यांचा हात आमच्याकडे आला. सवयीचा हात तो. मला त्या पायाची सवय झाली आहे, त्याच्या टाचेचा खडबडीतपणा, अंगठ्याचं वाकडं नख, पहाटेचा त्याचा गारवा. मला जावंसं वाटत होतं. आणि मी मनापासून म्हणत होतो, आप्पा, मला घेऊ नका. माझ्यात आता धरून ठेवण्याची ताकद राहिली नाही. मी तुम्हाला पाडीन.

आप्पांनी मला थोडा वेळ हातात धरलं. मग खाली ठेवलं आणि नवे मोजे चढवले.

आता आम्ही दोघं खळ्यातल्या दोरीवर आहोत. उद्या बहुधा खिडक्या पुसायला जाऊ, किंवा चुलीवरचं भांडं उतरवायला. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस गुळगुळीत जमिनीवर भिंत धरून चालत असेल, तर एकदा त्याच्या पायांशी बसा. तळवे उलटे करून बघा, मोज्यांचेही. आणि ते बरं आहे म्हणाले, तर आणखी एकदा विचारा.

वाडी शांत आहे. मोज्यातल्या पावलांचा आवाज बाहेर येत नाही, त्यामुळे आप्पा आत्ता कुठं असतील ते मला इथून सांगता येत नाही. स्वयंपाकघरात असतील, नाही तर खिडकीशी. मी नुसता ऐकतो आहे. तांब्या गडगडल्याचा आवाज नाही. काही पडल्याचा आवाज नाही.

म्हणजे ते चालताहेत.